‘कळवतो’ म्हणजे कधी?

भाच्यानं ॲपचं पहिलं चित्र काढलं ते एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर. डावीकडे कॉलेजची मुलं, उजवीकडे कंपन्या, मधे एक गोल. त्या गोलात आपण. मुलं नाव नोंदवणार, कंपन्या जागा टाकणार आणि गोल आपोआप फिरत राहणार. "मावशी, सुरुवातीला फक्त पाच लाख लागतील," असं म्हणत त्यानं चहात खारी बुडवली. मी एकोणीस वर्षं पुण्याच्या आसपासच्या कारखान्यांत एचआरमध्ये काढलेली. चाकण, रांजणगाव, मधली दोन वर्षं शिरवळ. सासूबाईंच्या आजारपणात नोकरी सोडून कऱ्हाडला आले ती इथलीच झाले. भाच्याला वाटत असावं, मावशीकडे पैसेही आहेत आणि कंपन्यांतल्या लोकांचे नंबरही. त्यातले नंबर होते.

मी म्हटलं, पैशाचं बघू, पण आधी तीन महिने नुसतं विचारत फिरायचं. ॲपचं नाव काढायचं नाही.

तो इंजिनिअर. त्याच रात्री त्यानं गूगल फॉर्म बनवून सगळ्या ग्रुपवर सोडला. ‘नोकरी शोधायला मदत करणारं ॲप तुम्हाला आवडेल का?’ सकाळपर्यंत ‘हो’चा ढीग पडला, ‘नाही’ एकही नाही. तो खूश. मी विचारलं, एप्रिलच्या उन्हात रसवंतीसमोर उभं राहून ‘रस आवडेल का’ विचारलंस तर कोण नाही म्हणेल? खिशात हात घालायची वेळ आली की खरं कळतं.

या विषयावर रॉब फिट्झपॅट्रिक यांचं ‘द मॉम टेस्ट’ नावाचं पुस्तक आहे, 2013 सालचं. त्यातलं म्हणणं साधं आहे. धंद्याची कल्पना आईला सांगितली तर ती छानच म्हणणार, कारण ती आई आहे. म्हणून आपली कल्पना सांगूच नये. समोरच्यानं मागच्या खेपेला प्रत्यक्षात काय केलं, तेवढंच विचारावं. भाच्यानं हे पुस्तक वाचलेलं होतं. वाचूनही फॉर्म केला, हे विशेष.

मग फॉर्म बंद केला आणि प्रश्न बदलला. "शेवटचा अर्ज कुठं केला होतास? मग काय झालं?" एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. विद्यानगरातली कॅन्टीनं, स्टँडवर पाटणच्या गाड्या लागतात तो फलाट, एक अभ्यासिका, तासवडे एमआयडीसीतली चहाची टपरी. मी एक शंभर पानी वही केली. गाव, शिक्षण, शेवटचा अर्ज, पुढं काय झालं, असे रकाने आखले. पहिले तीन रकाने दरवेळी वेगळे भरत होते. चौथ्यात मात्र मी एकच शब्द पुन्हा पुन्हा लिहीत होते. दुसऱ्या आठवड्यात कंटाळून त्याच्या खाली नुसत्या खुणा करायला लागले. तो शब्द होता ‘कळवतो’.

पाटणकडचा एक मुलगा, केमिस्ट्रीत बी.एस्सी. घाट उतरून लोट्याच्या एमआयडीसीत मुलाखतीला गेला होता. मुलाखत चांगली झाली, आठवड्यात कळवतो म्हणाले. त्या आठवड्यात गावातल्या मेडिकल दुकानानं त्याला बोलावलं, नऊ हजारांवर. तो नाही म्हणाला, कारण लोट्याचं नक्की होणार होतं. आम्ही भेटलो तेव्हा सात आठवडे झाले होते आणि मेडिकलमध्ये दुसरा मुलगा उभा होता. "फोन करून विचारलंस का?" मी म्हटलं. "दोनदा केला. दुसऱ्यांदा त्या मॅडम चिडल्या."

त्या मॅडम कोण, मला माहीत नाही. पण त्यांच्या खुर्चीवर मी एकोणीस वर्षं बसले आहे. सहा जागांसाठी टेबलावर बायोडाट्यांची चळत यायची. वरचे काही वाचायचो, मधले चाळायचो, खालचे कपाटात जायचे आणि वर्षअखेरीला रद्दीत. बी.ए. दिसलं की कागद न वाचता खाली सरकवला, असं मी केलेलं आहे. ‘नाही’ असं कुणालाच सांगायचो नाही. ‘नाही’ म्हटलं की ‘का नाही?’ येतं, त्यावर उत्तर द्यावं लागतं. शिवाय निवडलेला मुलगा जॉइन झाला नाही तर दुसरा हाताशी लागतो, तो आधीच नाकारून कसं चालेल? म्हणून ‘कळवतो’. माझ्या टेबलावर त्या शब्दाला काही किंमत पडत नव्हती. पलीकडे त्याची किंमत एका मेडिकल दुकानाएवढी होती, हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी स्टँडवरच्या बाकड्यावर कळलं.

अभ्यासिकेबद्दल माझं मत फार वाईट होतं. महिन्याला हजार रुपये भरून, कानात बोळे घालून वर्षानुवर्षं तलाठी नाहीतर पोलीस भरतीची पुस्तकं पाठ करणारी मुलं बघितली की माझा जीव जळायचा. 2024च्या पोलीस भरतीत 17,471 जागांसाठी 17 लाख 76 हजारांवर अर्ज आले होते. एका जागेला शंभर. हा हिशेब मी एका मुलाला ऐकवला. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, तिथं हॉल तिकीट तरी येतं." मग त्यानं मलाच शिकवलं. तारीख जाहीर होते. मैदानी चाचणीचे गुण त्याच दिवशी कळतात. उत्तरतालिका लागते, हरकत घेता येते. यादीत नाव नसलं तर नाही, हे कळतं. खासगी कंपनीत यातलं काय मिळतं?

मला काही बोलता आलं नाही. सरकारी नोकरीचं वेड, सुरक्षिततेची हाव असं आपण लिहीत-बोलत असतो. त्यात तथ्य आहे. पण आयुष्यात एकदा तरी कुणीतरी स्पष्ट उत्तर द्यावं, ही त्या मुलाची भूक त्याहून मोठी होती.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांच्या 2024च्या भारत रोजगार अहवालात एक आकडा आहे. 2022 साली लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत बेरोजगारी 3.4 टक्के होती आणि पदवीधर तरुणांत 29.1 टक्के. हा आकडा भाषणात येतो तेव्हा त्यावरून शिक्षणाला शिव्या दिल्या जातात. वही घेऊन फिरल्यावर मला त्यात वेगळं काही दिसायला लागलं. न शिकलेल्याला थांबणं परवडत नाही, तो उद्या सकाळी ऊसतोडीला नाहीतर सेंट्रिंगला जातो. पदवीधराला बाप आणखी दोन वर्षं सांभाळतो. ही दोन वर्षं म्हणजे त्या घरानं काढलेलं बिनव्याजी कर्ज आहे आणि त्यातला मोठा भाग ‘कळवतो’ची वाट बघण्यात जातो.

आता भाच्याच्या गोलाकडे येते. आमची कल्पना अशी, की मुलांना जागा कुठं आहेत हे कळत नाही, ते आपण कळवायचं. ही अडचण कधीकाळी खरी होती. संजीव बिखचंदानींनी 1997 साली नोकरी डॉट कॉम सुरू केलं तेव्हा वर्तमानपत्रातल्या जाहिराती कापून ठेवण्याचा काळ होता. आज पाटण तालुक्यातल्या वाडीतल्या मुलाच्या फोनवरही जागांचा पाऊस पडतो. इतिहासात बी.ए. झालेला एक मुलगा मला म्हणाला, काल रात्री चाळीस ठिकाणी अर्ज केला. कुठं कुठं, असं विचारलं तर त्याला एकाही कंपनीचं नाव सांगता येईना. अंथरुणात पडून तो बटण दाबत होता, बस्स. अर्ज करायला काही लागत नाही म्हटल्यावर आलेल्या अर्जालाही काही किंमत राहत नाही. कंपनीतल्या बाईच्या टेबलावरची चळत दहापट होते आणि ती दहापट जास्त वेळा गप्प बसते. आमचं ॲप चाललं असतं तर त्या चळतीत आणखी भर टाकली असती, एवढंच.

त्यातून पैशाचं गणित. भरती करून देणाऱ्या कन्सल्टंटला कंपनी साधारणपणे वर्षाच्या पगाराच्या 8.33 टक्के देते, म्हणजे एक महिन्याचा पगार. हे अनुभवी माणसाच्या बाबतीत. फ्रेशर, त्यातून बी.कॉम., पंधरा हजारांचा, त्याच्यासाठी कुणी छदाम देत नाही. तासवड्यातला एक वर्कशॉपवाला मला म्हणाला, "ताई, फाटकावर बोर्ड लावला की संध्याकाळपर्यंत वीस येतात. तुम्हाला कशाचे पैसे द्यायचे?" मग थोडं थांबून म्हणाला, "येणाऱ्याचे नाहीत, टिकणाऱ्याचे देईन." हे वाक्य मी वहीत चौकट करून लिहिलं आहे.

कंपनी देत नाही म्हटल्यावर या धंद्यातले सगळे जण विद्यार्थ्याकडे वळतात. रजिस्ट्रेशन फी, ट्रेनिंग फी, नोकरी लागल्यावर तीन महिन्यांचा वाटा. एका बी.कॉम.च्या मुलीनं, टॅली झालेलं, एमएससीआयटी झालेलं, घरबसल्या डेटा एंट्रीच्या कामासाठी अडीच हजार भरले होते. लॅपटॉप घरी येणार होता. त्याची डिपॉझिट पावतीसुद्धा तिच्याकडे होती, गोल शिक्का मारलेली. तिनं हे घरी अजून सांगितलेलं नाही. मला सांगतानाही आधी मैत्रिणीला पाण्याची बाटली आणायला पाठवलं. भाचा त्या दिवशी परत येताना गाडीत काही बोलला नाही. घरी आल्यावर त्यानं आपल्या योजनेतली ‘विद्यार्थी सभासदत्व 199 रुपये’ ही ओळ खोडली. ती ओळ खोडली की उत्पन्नाचा रकाना कोराच राहत होता.

मुलींचा विषय निघालाच आहे तर. नोकरीच्या जाहिरातीत ‘शिफ्ट ड्यूटी’ असे दोन शब्द असतात. दुसरी पाळी रात्री अकराला सुटते आणि गावाकडची शेवटची एसटी साडेसातला जाते. संपला विषय. उलट 17 मार्च 2023पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्यामुळे आधी ‘लांब’ वाटणारी ठिकाणं कित्येक मुलींच्या आवाक्यात आली. एका मुलीनं मला नोटांच्या हिशेबासह समजावलं, की पूर्वी तिचा निम्मा पगार प्रवासात गेला असता, आता ती रोज जाऊन-येऊन नोकरी करू शकते, फक्त सुटायची वेळ सहाच्या आत हवी. म्हणजे तिच्यासाठी नोकरीचा नकाशा किलोमीटरचा नाहीच, तो एसटीच्या वेळापत्रकाचा आहे. कुठल्या पोर्टलवर ‘शेवटची गाडी’ असा रकाना आहे? आमच्याही चित्रात नव्हता.

मुलांचं गणित वेगळं, खोलीचं. चाकणला कॉट बेसिसवर जागा, दोन वेळची मेस, पहिला पगार हातात यायला पुढच्या महिन्याची सात तारीख. तोपर्यंतचे पैसे कुणी द्यायचे? वर्कशॉपवाले म्हणतात मुलगा टिकत नाही. त्यातले बरेच जण विसाव्या दिवशी परत येतात, कारण घरून आणलेले पैसे विसाव्या दिवशी संपतात. त्यात आळस कुठं आला?

सरकारी योजनांकडे आम्ही गेलोच नाही असं नाही. रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळवण्याचा कायदा 1959 साली झाला. जागा कळवायची, माणूस मात्र तिथूनच घेतला पाहिजे असं बंधन नाही. शिकाऊ उमेदवारी कायद्यात तीस आणि त्यावर माणसं असलेल्या आस्थापनेनं शिकाऊ घ्यायचे आहेत आणि आता साध्या बी.ए., बी.कॉम.लाही त्यात जागा आहे, हे मी भेटलेल्या एकाही कला शाखेच्या मुलाला ठाऊक नव्हतं. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना दहा हजार मिळाले, आधी सहा महिने, पुढं वाढवून अकरा. पंचायतीत, शाळेत बसलेली मुलं भेटली. काम शिकलो म्हणाली. अकरा महिन्यांनी काय, यावर पुन्हा तोच शब्द.

खरी गोष्ट सापडली ती एका कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, आणि तीही अपघातानं. कॉलेजचं नाव सांगत नाही, तिथले सर भले आहेत. त्यांच्याकडे प्लेसमेंटचं काम होतं, म्हणजे तीन तास शिकवून, परीक्षा विभाग सांभाळून उरलेल्या वेळात. मी विचारलं, मागच्या वर्षीची मुलं कुठं लागली याची काही नोंद आहे का? त्यांनी कपाटातून एक जाडजूड बॉक्स फाइल काढली. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकचा पाचवा निकष, विद्यार्थ्यांची प्रगती. त्यात यादी होती. विद्यार्थ्याचं नाव, कंपनी, पगार. मागं ऑफर लेटरच्या झेरॉक्स, ओळखपत्रांच्या झेरॉक्स. जन्मभर एचआरमध्ये काढलेल्या बाईला ती फाइल म्हणजे सोन्याची खाण. कुठली कंपनी आपल्या कॉलेजची मुलं घेते, किती देते, कुठल्या शाखेची घेते, सगळं एका जागी.

"हे मुलांना दाखवता का?"

"मुलांना?" सर गोंधळले. "हे नॅकच्या पीअर टीमसाठी आहे."

त्यांना मी दोष देत नाही. नॅक मागतं म्हणून दरवर्षी अहवाल जातो, पुरावे जोडले जातात, अनेक कॉलेजांच्या वेबसाइटवर ते पीडीएफ होऊन पडलेलेही असतात. तिसऱ्या वर्षाच्या मुलानं ते कधी उघडलेलं नाही, कारण ते त्याच्यासाठी आहे असं त्याला कुणी सांगितलेलंच नाही. माहिती गोळा होते, वर जाते, गुण मिळवते आणि कपाटात परत येते. ज्याच्यासाठी ती असायला हवी, तो व्हरांड्यात उभा राहून चाळीस बटणं दाबत असतो.

आम्ही सरांच्या परवानगीनं त्या यादीतल्या मुलांना फोन लावले. कुणाचाही नंबर पुढं द्यायच्या आधी त्याला विचारायचं, हे ठरवून. पुष्कळसे त्या कंपनीत आता नव्हते. ते कुठं गेले, का गेले, ही फाइलमध्ये नसलेली खरी नोंद. रांजणगावला लागलेला एक जण म्हणाला, पत्रावर महिना अठरा हजार लिहिलंय, हातात साडेचौदा पडतात. पीएफ, कॅन्टीन, बस कापून. "पण कॅन्टीन चांगलं आहे," हे त्यानं आपणहून सांगितलं. एक मुलगी पुण्यात कॉल सेंटरला होती. तिनं इंग्रजीचा बाऊ कसा खोटा आहे आणि रात्रीच्या कॅबचा कसा खरा आहे, हे दोन्ही सांगितलं.

एका शनिवारी सरांनी तिसऱ्या वर्षाची पस्तीसेक मुलं एका वर्गात बसवली आणि रांजणगावच्या त्या मुलाला आम्ही स्पीकरवर घेतलं. पन्नास मिनिटं प्रश्न थांबले नाहीत. खोलीत किती जण? सुपरवायझर शिव्या देतो का? गणपतीला सुट्टी मिळते का? कंपनीच्या नावाचा पगार होतो की कॉन्ट्रॅक्टरच्या? मुलाखतीत काय विचारलं, आणि येत नव्हतं ते तू कसं सांगितलंस? रोजगार मेळाव्यात माइकवरून ‘काही प्रश्न?’ असं विचारल्यावर खाली बघणारी हीच मुलं. करिअरच्या वाढीबद्दल एकानंही विचारलं नाही. मला ते फार शहाणपणाचं वाटलं.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं 1973 साली एक निबंध लिहिला, तो आजही सांगितला जातो. बोस्टनजवळच्या न्यूटन गावातल्या नोकरदारांना त्यानं नोकरी कशी लागली ते विचारलं होतं. निम्म्याहून अधिकांना ओळखीतून लागलेली आणि ती ओळखसुद्धा बहुतेकदा लांबची, कधीतरी भेटणाऱ्या माणसाची. जवळच्या माणसांना आपल्याइतकंच ठाऊक असतं, नवी बातमी लांबचा माणूस आणतो. आपल्याकडे ‘ओळख’ म्हटलं की लगेच वशिल्याचा वास येतो, कारण ज्यांच्याकडे ओळखी आहेत त्यांनी त्या तशाच वापरल्या. पण पाटणच्या मुलाच्या जवळच्या माणसांची यादी करून बघा. बाप ऊस पिकवतो, चुलता फौजेत होता, आतेभाऊ मुंबईला टेम्पो चालवतो. सगळी जिवाला जीव देणारी माणसं, पण क्वालिटी कंट्रोलमधल्या जागेची बातमी यातल्या कुणाकडून येणार? त्याच्या कॉलेजातून तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेला, त्याला नावानंही माहीत नसलेला मुलगा ही त्याची एकमेव लांबची ओळख आहे. आणि ती ओळख बॉक्स फाइलमध्ये बंद आहे.

त्या शनिवारानंतर चार जण रांजणगावला गेले. दोघं टिकले आहेत, एक परत आला, एक दुसऱ्या कंपनीत गेला. याला मी क्रांती म्हणणार नाही. पण चौघंही खोलीभाडं, हातातला पगार आणि पहिली सात तारीख माहीत असून गेले, आणि परत आलेल्यानं आपण का आलो ते वर्गात येऊन सांगितलं. टिकणाऱ्याचे पैसे देईन म्हणणारा तो वर्कशॉपवाला आता सरांना थेट फोन करतो. पैसे मात्र अजून कुणाला दिलेले नाहीत त्यानं.

भाच्याचा स्टार्टअप झाला नाही. होऊही नये असं माझं मत आहे. हे काम बाहेरच्या कुणी मधल्या गोलात बसून करण्यासारखं नाही, कारण मधल्यानं पोट भरायचं तर शेवटी त्याला त्या अडीच हजारवाल्या मुलीकडेच हात पसरावा लागतो. कॉलेजकडे मुलं आहेत, यादी आहे, खोली आहे, फोन आहे. नाही तो वेळ. सरांना फोन करायला वेळ नाही, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे.

त्यावरही उपाय आमच्याच भागात शंभर वर्षांपूर्वी सापडलेला आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली ती इथं जवळच, कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी. कमवा आणि शिका त्यांचंच. आज कितीतरी कॉलेजांत आणि विद्यापीठांत ही योजना चालते. मुलं ग्रंथालयात पुस्तकं लावतात, बागेला पाणी घालतात, प्रयोगशाळा पुसतात आणि तासाचे पैसे घेतात. त्यातल्या चार मुलांना बागेऐवजी फोनवर बसवा. मागच्या तीन वर्षांत पास झालेल्या प्रत्येकाला वर्षातून एकदा फोन. कुठं आहेस, हातात किती पडतात, किती टिकलास, सोडलंस तर का, धाकट्यांनी फोन केला तर चालेल का. पाच प्रश्न. अनोळखी माणसाशी नीट बोलायचं कसं, हे त्या चार मुलांना कुठल्याही पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटच्या कोर्सपेक्षा लवकर येईल, हा वरचा नफा.

जिल्ह्यातल्या प्राचार्यांना माझी विनंती आहे. जूनमध्ये प्रवेशाची यादी लावाल, तेव्हा तिच्या शेजारी ही दुसरी यादी लावा. नावं नकोत, नुसतं शाखा, कंपनी, गाव, हातातला पगार, किती महिने टिकला. घरी बसलेल्यांचा आकडाही त्याच कागदावर. तो बघून प्रवेश कमी होतील ही भीती मला दोघा-तिघांनी बोलून दाखवली. होतील कदाचित. आईबापांनी तीन वर्षांची फी त्या कागदाकडे बघून भरायची की न बघता, हे त्यांना ठरवू द्या.

आणि माझ्या जुन्या खुर्चीवर आता जी कुणी बसली असेल, तिला: संध्याकाळी संगणक बंद करण्यापूर्वी, ज्यांना घ्यायचं नाही त्यांना ‘निवड झाली नाही’ एवढं एका ओळीत पाठव. पाटणच्या त्या मुलाला तशी ओळ कधीच आली नाही. दिवाळीनंतर तो त्याच मेडिकल दुकानात लागला, आधीचा मुलगा सोडून गेल्यावर, आठ हजारांवर.